सर्वसाधारण अटी

रमीजच्या पोरीचं, अल्मासचं लग्न झालं ते साल दोन हजार पंचवीस. जिल्ह्याचं नाव नुकतंच बदललं होतं, आणि पत्रिकेवर गावाचं नाव कोणतं छापायचं यावरून घरात वाद झाला होता. शेवटी रमीजने नुसतं मोहल्ल्याचं नाव, ‘झेंडीगेट’, छापून घेतलं आणि म्हणाला, ज्याला यायचंय तो येईल. हिवाळ्यात लग्न झालं, उन्हाळ्यात पोरीचं उरलंसुरलं सामान सासरी गेलं, आणि पावसाळा सरत आला तेव्हा लगडसाहेब ऑफिसात आले. पुढं रमीजच्या बहिणीला, जहिराला, ते वर्ष आठवायचं ते असंच, एकापाठोपाठ एक: भाचीची पाठवणी, तिचं रिकामं कपाट, आणि दारात चपला काढून उभे असलेले लगडसाहेब.

जहिरा कामाला होती त्या संस्थेचा दवाखाना श्रीगोंद्याला, पण कचेरी नगरात, एका बँकेच्या डोक्यावर. नेमणुका, बदल्या, जाहिराती, सगळं या कचेरीतून व्हायचं. कारभारी लगड इथले कार्यालय अधीक्षक होते. त्यांच्या हाताखाली जहिरा टायपिस्ट म्हणून लागली, आणि ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी खुर्ची तिच्याकडे आली. म्हातारपणी माणूस आखडतो तसे साहेब आखडले होते, पण आवाज तोच, जिन्यापासून ऐकू येणारा.

“काय जहिराबाई, म्हाताऱ्याला चहा सांगता का वाटंला लावता?”

“तुम्हाला कोण वाटेला लावणार साहेब? या, इकडं बसा. तुमचीच खुर्ची आहे.”

“न्हाई न्हाई. आता आमी बाकड्यावरची मानसं.” असं म्हणत ते समोरच्या खुर्चीत बसले, आणि शर्टाच्या आतून प्लॅस्टिकची पिशवी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पिशवीत पोराची कागदपत्रं होती. ओंकार, त्यांना उशिरा झालेला मुलगा. पुण्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या मशीनवर काम करायचा. श्रीगोंद्याच्या दवाखान्यातही एका देणगीदाराने तशा मशीन दिल्या होत्या, पण त्या आल्या दिवसापासून प्लॅस्टिकखाली होत्या. चालवायला माणूस नव्हता. जाहिरात निघणार हे साहेबांना अध्यक्षांकडूनच कळलं होतं.

“बनूला दिवसाआड नगरला आनतो,” साहेब म्हणाले. बनुबाई त्यांची बायको. “किडन्या गेल्या दोन्ही. येताना ठीक असती, जाताना गाडीत निस्ती पडून ऱ्हाती. उसाची वाहनं सुरू झाली की रस्त्यानं काय हाल व्हनार ते तुमी जानता. ओंकार हितं आला तर मशीन घरापासून हाकेवर, अन् मशिनीवर घरचा हात. दुसरं काय मागत न्हाई. जाहिरात तेवढी मापात शिवा.”

मापात शिवणं हा या कचेरीतला जुना शब्द. आधी माणूस ठरायचा, मग त्याची कागदपत्रं मागवायची, आणि त्या कागदांवरून अटी काढायच्या, शिंपी बाही मोजतो तशा. वय त्याच्या वयाला बेतायचं, अनुभव त्याच्या अनुभवाला. एवढ्यावर भागलं नाही तर त्याच्यापाशी आहे आणि दुसऱ्या कोणापाशी नसेल असं काहीतरी शोधायचं. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलता येणं आवश्यक, अशी अट एकदा ड्रायव्हरच्या जागेला पडली होती, कारण तो ड्रायव्हर सोलापूरकडचा होता. बाहेरचा वाचणारा चक्रावायचा, पण चिडायचा नाही. त्याला वाटायचं, एवढ्या मोठ्या संस्थेला काहीतरी कारण असेल. जहिराने हे काम साहेबांकडूनच उचललं होतं आणि त्यात तिला कधी वाईट वाटलं नव्हतं. घर शाकारताना कौल कोणत्या बाजूला पडतं त्याचा विचार कोण करतो?

साहेबांनी सांगावं आणि तिने टाइप करावं, असं पुन्हा जुन्यासारखं सुरू झालं. श्रीगोंदा तालुक्याचा कायम रहिवासी. वय अठ्ठावीसच्या आत. महानगरातल्या मोठ्या रुग्णालयात सलग पाच वर्षं काम. एनसीसीचं ‘बी’ प्रमाणपत्र.

“एनसीसी कशाला, साहेब? मशीन चालवायची का परेड करायची?”

“शिस्त, बाई, शिस्त. पेशंटच्या जिवाचा मामला हाय.” आणि ते गडगडून हसले. चहा आला होता. बशीत ओतून पिता पिता त्यांना शिकवायची लहर आली. “अट घालायची तर वाचनाऱ्याला वाटलं पायजे, संस्थेला केवढी काळजी! मागं लॅबच्या जागेला एक पोरगी आडवी येत हुती. टेंपररीवर चिकटल्याली. कामाला चांगली, कागदं पक्की, गाळायला फटच सापडंना. अन् जागा द्यायची व्हती संचालकाच्या भाच्याला. मी बसलो तिची कागदं घिऊन. तर शाळा बघा पोरीच्या! एक हितं, एक तितं, गावोगाव. मी म्हनलं, घावली. अट घातली: माध्यमिक शिक्षण सलग एकाच शाळेतून झालेले असावे. का? तर उमेदवाराचं स्थैर्य. स्थैर्य!” बशी त्यांच्या हातात हिंदकळली. “अध्यक्ष म्हनले, लगड, तुझं डोकं बँकेत ठिवलं पायजे.”

जहिराची बोटं कीबोर्डवर होती, ती तिथंच राहिली. वर पंखा फिरत होता, खाली बँकेत कोणाचा तरी टोकन नंबर पुकारला जात होता, आणि बोटांच्या टोकांना मात्र एकदम गार लागलं, काचेची पट्टी धरल्यासारखं. ती साहेबांसोबत हसली. हसल्याचा आवाज तिलाच ऐकू आला. एवढी वर्षं ती अट तिच्या मनात होती, पण पावसासारखी, भूकंपासारखी, कोणीतरी आपल्याला उद्देशून केलेली गोष्ट म्हणून नव्हे. संस्था मोठी, संस्थेचे नियम मोठे, आपण त्यात बसलो नाही, असं ती समजून चालली होती. आज कळलं की कोणीतरी खुर्चीत बसून, चहा पीत, तिच्या कागदांवर बोट फिरवत फट शोधली होती. आणि ज्याने शोधली त्याला पोरगी कोण होती तेच ध्यानात राहिलं नव्हतं. तिचं नाव, तोंड, काहीही नाही. ती श्रीगोंद्याला लॅबमध्ये, हे नगरला कचेरीत. कागद आला, कागद गेला. पुढं वर्षाने तीच पोरगी टायपिस्टच्या जागेवर येऊन त्यांच्या समोर बसली, आणि त्यांनी तिला शुद्धलेखन सुधारायला सांगितलं.

“मग त्या पोरीचं काय झालं, साहेब?” तिने विचारलं.

“काय व्हनार? गेली आसंल कुठं तरी. लगीन-बिगीन.”

कुठंही गेली नाही, ती इथं बसलीय, हे वाक्य तिच्या जिभेवर आलं आणि ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. तिला ते इतक्या स्वस्तात द्यायचं नव्हतं.

लॅब म्हणजे दवाखान्याच्या मागची खोली. खिडकीतून साखर कारखान्याची मळी कुजल्याचा वास यायचा, आणि आत स्पिरिटचा. जहिराला दोन्ही आवडायचे. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की बाहेरचं सगळं बंद व्हायचं, आणि जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांचं एक मैदान उघडायचं. त्या मैदानात ती हळूहळू चालत जायची. हिवतापाचा ठिपका सापडला की तिला आधी आनंद व्हायचा आणि मग पेशंट आठवून त्या आनंदाची लाज वाटायची. डॉक्टर म्हणायचे, ही पोरगी काचेवर बघते तसं मला माणसात बघता आलं असतं तर! पगार नावाला होता, पण जागा निघणार आणि ती आपल्याला मिळणार, हे सफाईवाल्या मुक्ताबाईपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. जाहिरात दवाखान्याच्या फळ्यावर लागली तेव्हा मुक्ताबाईच धावत सांगत आली. जहिरा हात पुसत गेली. वाचलं. पुन्हा वाचलं. त्या ओळीपाशी तिला वाटलं, ही दुसऱ्याच कोणत्या तरी जागेची जाहिरात आहे.

तिचा बाप अब्दुल, जातीने आणि धंद्याने पिंजारी. खांद्यावर कापूस पिंजायची कमान, पिंजण, टाकून गावोगाव फिरायचा. गाद्या, उशा, लग्नाच्या रजया. जिथं काम लागेल तिथं बिऱ्हाड, आणि बिऱ्हाड जाईल तिथं पोरीची शाळा. कर्जतला पाचवी, जामखेडला सातवी, पाथर्डीला नववी, दहावी श्रीगोंद्यात. प्रत्येक शाळेत नवा वर्ग, नवं बाक, आणि पहिल्या दिवशी कोणीतरी हमखास विचारायचं, तुझ्या केसांत कापूस कसा काय? या शाळांचा तिला अभिमान होता. ती कुठंही रुजू शकते असं तिला वाटायचं. त्या संध्याकाळी तिने बापाला अट वाचून दाखवली. बाप वाचू शकत नव्हता. त्याने कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाला, “मेरे पाँव फिरते रहे बेटा, और सजा तेरे को हुई.” पुढं तिला नगरला टायपिस्टची नोकरी लागली, रमीजने गादीचं दुकान टाकलं, घर बरं चाललं, तरी ते वाक्य त्याच्या तोंडून गेलं नाही. शेवटच्या आजारात कोणी भेटायला आलं की तो जहिराकडं बोट करायचा आणि सांगायचा, हिला डॉक्टरणीसारखी करणार होतो, पण माझे पाय. त्याने मरेपर्यंत आपल्याच पायांना दोष दिला. आणि पाय निर्दोष होते. दोष समोर बसून बशीतला चहा फुर्र करून ओढत होता.

ओंकारचे कागद टेबलावरच होते. ते तिने आपल्याकडं ओढले. हात आपोआप फिरू लागले, साहेबांनीच शिकवलेल्या रीतीने, आधी जन्मतारीख, मग शाळा, मग सालं. सालांपाशी बोट थांबलं. बारावी आणि पदविका यांच्यात एक वर्ष रिकामं होतं.

“हे वर्ष कुठं गेलं, साहेब?”

“ते होय. बनूचं दुखनं तवाच सुरू झालं. हिला घिऊन दवाखान्याचे हेलपाटे, मी ड्यूटीवर. पोरगं घरी ऱ्हायलं. भाकऱ्या थापल्या पोरानं, खोटं वाटंल तुमाला.”

“नाही, वाटत नाही,” जहिरा म्हणाली.

साहेब मसुदा वाचून गेले. चष्मा नाकावर ओढून त्यांनी आपण सांगितलेली अट न अट तपासली. शेवटचं बारीक अक्षरातलं वाचलं नाही. सर्वसाधारण अटी कोणी वाचत नाही, हे त्यांचंच म्हणणं. अर्जासोबत साक्षांकित प्रती जोडाव्यात, प्रवासखर्च मिळणार नाही, निवडीचे अधिकार संस्थेकडे राखीव, या ओळी वर्षानुवर्षं जशाच्या तशा खाली चिकटवलेल्या असायच्या. ते जिना उतरून गेल्यावर जहिराने त्या ओळींच्या मधोमध एक ओळ घातली: उमेदवाराच्या शैक्षणिक कारकिर्दीत खंड नसावा. वाचून पाहिलं. ओळ चांगली बसली होती. तिच्यात काळजी होती, शिस्त होती, पेशंटच्या जिवाचा मामला होता. अध्यक्षांनी न वाचता सही केली, आणि जाहिरात पेपरात गेली.

त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी भाजी चिरताना तिच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. साहेबांनी इतर सगळ्यांना बाहेर ठेवायला कुंपण घातलं होतं. आत एकच माणूस उरला होता, आणि त्याला तिने बाहेर काढलं होतं. आता त्या जाहिरातीत जगातला कोणीही बसत नव्हता. मशीनवरचं प्लॅस्टिक निघणार नव्हतं. हे कळल्यावर आपल्याला घाबरायला होईल अशी ती वाट पाहत राहिली. घाबरायला झालं नाही. पोटात एक ऊबदार, जड असं काहीतरी बसलं होतं, हिवाळ्यात नव्या रजईखाली शिरल्यावर वाटतं तसं. रमीजने विचारलंसुद्धा, “आपा, आज गुणगुणतेस काय?” ती म्हणाली, काही नाही.

मग सुरू झाले अर्जाच्या मुदतीचे दिवस. जहिरा कामाला यायची, फायली हलवायची, आणि मनात एकच दृश्य पुन्हा पुन्हा लावायची. साहेब येणार, ओंकार बसत नाही म्हणून तणतणणार, आणि ती शांतपणे विचारणार, साहेब, त्या लॅबच्या पोरीचं नाव आठवतं का? साहेब तिच्याकडं बघणार. आधी नुसतं, आणि मग खरंच बघणार. त्यांच्या तोंडावरून रंग उतरताना तिला बघायचा होता, स्लाइडवरचा रंग पाण्याखाली धरल्यावर उतरतो तसा. एवढं झालं की ती अट काढून टाकणार होती. शुद्धिपत्रक छापता येतं. मुदतीच्या आत दोन ओळी पेपरात दिल्या की झालं. तिने ते शुद्धिपत्रक टाइपही करून ठेवलं होतं. कोणी तिला दुष्ट म्हटलं असतं तर तिने ते दाखवलं असतं. तिला कोणाचा जीव नको होता, बनुबाईचा तर नाहीच. तिला फक्त त्या माणसाच्या डोक्यात स्वतःची जागा हवी होती, जी तिला पगारावर मिळाली नव्हती. रोज सकाळी जिन्यावर पाय वाजले की ती सरळ बसायची. साहेब येत नव्हते. त्यांना घाई नव्हती, जाहिरात आपल्याच मापाची आहे या भरवशावर ते निवांत होते. अर्ज भरताना ती बारीक ओळ वाचली ओंकारने.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी जिन्यावर पाय वाजले, पण ते साहेबांचे नव्हते. एकेक पायरी थांबत थांबत बनुबाई वर आली. जहिराने तिला लांबून, समारंभात पाहिलं होतं, तेव्हा ती धिप्पाड होती. आता साडीत बाई कमी आणि साडी जास्त. तोंड मातकट झालेलं, कोपराखाली पट्टी. आताच मशीनवरून उठून आली होती.

“हे गाडीचं बघायला गेलेत खाली,” ती धापा टाकत म्हणाली. “मी म्हनलं, तवर बाईंना भेटते. यांच्या म्होरं बोलता येत न्हाई.”

जहिराने तिला पंख्याखाली बसवलं, पाणी पुढं केलं. बनुबाईने पेल्यात बघितलं आणि एकच घोट घेतला. “पानी बी मोजून हाय मला,” ती म्हणाली आणि हसली. “मरनाची तहान लागती, पन प्यायचं न्हाई. सपनात हिरीत उडी मारते बघा, अन् हीर कोरडी.”

“त्रास होतो का फार?”

“मशीनीचा न्हाई. वाटंचा लई. ताई, हितं हात लावून बघा.” आणि जहिरा काही म्हणायच्या आत तिने तिची बोटं ओढून आपल्या मनगटाच्या वर, फुगलेल्या शिरेवर ठेवली. कातडीखाली काहीतरी सारखं थरथरत होतं, घरघरत होतं, जिवंत. “डाक्टरनी शिरंला शीर जोडलीया. ही घरघर चालू हाय तवर मी चालू.”

जहिराचा हात तिथंच राहिला. ही घरघर तिच्या ओळखीची होती. लहानपणी बाप पिंजायला बसला की ती पिंजणाच्या दांडीला गाल लावायची, आणि ताणलेल्या तातीचा थरथराट दातांपर्यंत यायचा. कापूस उडायचा. बाप म्हणायचा, दूर हो, नाकात जाईल. आता तो थरथराट या अनोळखी बाईच्या हातात होता, आणि बाई बोलत होती.

“ती खंडाची का कसली अट हाय न्हवं, ती पोरानं मला वाचून दावली. यांना सांगितलं, तर हे पोराच्याच अंगावर गेले, म्हनले, मी स्वोता तपासलंय, तसं काय न्हाई. मग पेपर बघितला तवा गप झाले. ताई, ते वरीस पोराचं माज्या पायी गेलं. त्यानं न्हाई घालवलं. मी पडले नसते तर त्याचा खंड पडला नसता. माज्यामुळं त्याची जागा गेली, असंच झालं ना ओ?”

“तुमच्यामुळं नाही,” जहिरा म्हणाली. “तुमचा यात काही दोष नाही.”

“मग कुनाचा?”

जहिरा उठून संगणकापाशी गेली. शुद्धिपत्रक उघडलं. दोन ओळी होत्या. पेपरच्या ऑफिसला ईमेल करायचा, अध्यक्षांना एक फोन, आणि संपलं. बापाचं तोंड समोर होतं, उलटा धरलेला कागद समोर होता. मग कोणाचा, असं तो कधी विचारू शकला नव्हता. ती हे पाठवणार होती. पत्ता टाकला, विषय टाकला. आणि तेवढ्यात जिन्यावर ते पाय वाजले.

“हितं हाय व्हय ही! मी खाली हुडकतोय. काय जहिराबाई, तुमी पन कमाल केली. सर्वसाधारणमधी कुठली जुनी अट चिकटवली? माज्या टायमाची न्हाई ती.”

“शुद्धिपत्रक काढतेय, साहेब,” ती म्हणाली. “आत्ताच पाठवते. फक्त एक सांगा. ती लॅबची पोरगी. एकाच शाळेची अट घातली होती ती. कोण होती ती?”

“कोन पोरगी?” साहेबांनी बनुबाईच्या काखेत हात घातला होता, तिला उठवत होते. “हां, ती. आता एवढ्या वर्सांनी काय ध्यानात ऱ्हातंय, बाई? पिंजाऱ्याची का कुनाची तरी हुती. त्या लोकांचं काय हो, आज हितं, उद्या तितं. बरं झालं लागली न्हाई. टिकली नसती.”

ते हे कुचेष्टेने बोलले नाहीत. साधं बोलले, हवापाण्याबद्दल बोलावं तसं, बायकोचा पदर सारखा करत. त्यांच्या तोंडावर कुठलाही रंग नव्हता, म्हणून उतरलाही नाही. जहिराला कळलं की हा माणूस घाबरणार नाही, ओशाळणार नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलंच नाही. तिने तोंड उघडून आपलं नाव सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, असं व्हय, बरं बरं, आणि शुद्धिपत्रकाचं विचारलं असतं. एवढ्या वर्षांच्या बदल्यात तिला एक बरं बरं मिळालं असतं. बनुबाई उभी राहताना तिच्याकडं बघत होती. म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत आशा होती, आणि दुसरंही काही होतं, जणू तिला वास लागला होता. जहिराने नजर वळवली.

“पाठवताय ना?” साहेब म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. “तुम्ही निघा. उशीर होईल.”

जिन्यावरून दोघांचे पाय उतरत गेले, एक वाजत, एक घासत. जहिराने शुद्धिपत्रक पुसून टाकलं. तिने खिडकी लावली, पाण्याचा पेला धुतला, आणि घरी गेली. रमीज म्हणाला, अल्मासचा फोन येऊन गेला, तिच्याकडं गोड बातमी आहे. जहिरा पोटभर जेवली.

छाननीत ओंकारचा अर्ज बाद झाला. इतरांचेही झाले, कोणाला एनसीसी नव्हती, कोणी तालुक्याबाहेरचे. साहेब अध्यक्षांकडं भांडायला गेले. अध्यक्ष म्हणाले, लगड, छापलेली अट सोडता येत नाही, एकाला सोडली तर उद्या दुसरा कोर्टात जाईल, आणि बाकीच्या अटी तर म्हणे तुम्हीच सांगितल्या होत्या. साहेबांनी शुद्धिपत्रकाचं विचारलं तेव्हा जहिराने सांगितलं, पाठवलं होतं, पेपरवाल्यांनी लावलं नसेल. साहेबांचा तिच्यावर विश्वास बसला. आयुष्यभर त्यांनी असंच सांगितलं होतं, आणि समोरच्याचा बसला होता. फेरजाहिरात पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घेऊ, असं ठरलं. मशीन प्लॅस्टिकखाली राहिल्या. कारखान्यांची धुराडी पेटली, आणि नगरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या.

बातमी आली तेव्हा कचेरीतून जीप गेली समाचाराला, आणि जहिराला जावंच लागलं. अंगणात मांडव होता. ओंकार भिंतीला टेकून उभा होता, डोक्यावरचे केस काढलेले, बापासारखेच रुंद खांदे. तो कोणाशी बोलत नव्हता. साहेब सतरंजीवर बसले होते. जहिराला बघताच ते उठले आणि जमलेल्या लोकांना रडत रडत म्हणाले, “ह्या बाईंनी लई केलं. शेवटपत्तुर झटल्या आमच्यासाठी. मानसं अशी पायजेत.” लोकांनी तिच्याकडं आदराने पाहिलं. कोणीतरी तिला बसायला जागा करून दिली.

“साहेब,” ती म्हणाली, “ती पिंजाऱ्याची पोरगी मी.”

तिने हे हळू म्हटलं, पण स्पष्ट म्हटलं. साहेबांनी ओल्या डोळ्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा, समाचाराला आलेल्या प्रत्येकाचं ऐकून हलवत होते तशी. “व्हय, व्हय,” ते म्हणाले. “बसा. चहा घेतल्याबिगर जाऊ नका.” आणि दारात नवी माणसं आली होती, त्यांच्याकडं वळले.

जहिरा बसली. चहा आला, तो तिने घेतला. बायका आपसात बोलत होत्या, त्यांच्याकडून तिला सगळं कळलं. त्या दिवशी मशीनवर जायची पाळी होती. मांडवगणच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यात उलटली होती, मागं वाहनांची रांग लागली होती. धाप लागली तेव्हा तिने पाणी मागितलं, आणि साहेबांनी दिलं नाही, कारण तिला पाणी मोजून होतं. बनुबाई कारभारी लगड मंगळवारी, अठरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीसला, सकाळी, नगरच्या रस्त्यावर गाडीत वारली.